आधी रात्रीचा ब्रश : दातांकडे पहिल्यांदाच नीट बघणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला एका दातांच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं मदतनीस आहे. डॉक्टर नाही. खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहून लाळ ओढायची नळी धरणारी, सिमेंट कालवून देणारी आणि इंजेक्शन बघून कोणी घाबरलं की त्याच्याशी गप्पा मारणारी. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, "ताई, मी रोज सकाळी दात घासतो, एक दिवस चुकवत नाही." खोटं बोलत नाही कोणी. पण खुर्चीत बसायची वेळ त्यांच्यावरही येतेच.

गोम त्या 'सकाळी'मध्ये आहे. म्हणून हा लेख सकाळपासून नाही, रात्रीपासून सुरू करते. यातलं सगळं एकदम सुरू करू नका. आठवड्याला एक सवय धरा, ती अंगवळणी पडली की पुढची. एकदम सगळं मनावर घेणारी माणसं तिसऱ्या दिवशी सगळं सोडतात, हे मी वजन कमी करण्याच्या बाबतीत स्वतःवरच पाहिलं आहे.

पायरी पहिली : आरसा, मोबाईलचा टॉर्च आणि एक नख

आज रात्री जेवण झाल्यावर हात स्वच्छ धुवा आणि आरशासमोर उभे राहा. खालचा ओठ खाली ओढा. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूने, हिरडीला लागून नखाने हलकेच खरवडा. नखावर पांढरट, लोण्यासारखं मऊ काहीतरी येईल. ते अन्न नव्हे. तो जिवाणूंचा थर आहे, डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. मऊ आहे तोवर साध्या ब्रशने निघतो. दोन-तीन दिवस तिथेच राहिला की लाळेतलं कॅल्शियम त्यात बसायला लागतं आणि त्याचं किटण होतं. मग ब्रशने कितीही घासा, दात झिजेल पण किटण हलणार नाही. ते दवाखान्यातच काढावं लागतं.

किटण सगळीकडे सारखं धरत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आत आणि वरच्या दाढांच्या बाहेर, गालाकडे, सगळ्यात जास्त. कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं नेमकी तिथे उघडतात. नळाखालच्या फरशीवर पांढरा थर चढतो ना, तसंच.

आता हिरडी बघा. निरोगी हिरडी घट्ट असते, दातांना चिकटून बसलेली. रंगाने घाबरू नका, आपल्यातल्या अनेकांच्या हिरड्या जन्मापासून काळसर किंवा ठिपक्यांच्या असतात आणि त्यात काही वाईट नाही. सुजलेली, चकचकीत लाल, ब्रश लागला की रक्त येणारी हिरडी मात्र आजारी आहे. इथे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. रक्त आलं म्हणून त्या जागेला ब्रश लावायचाच बंद करतात. तिथे मळ साचतो, सूज वाढते, रक्तही वाढतं. रक्त येतं तिथे मऊ ब्रशने आणखी नीट स्वच्छ करायचं. आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबायला लागलं तर ठीक, नाही थांबलं तर खाली किटण आहे असं धरा आणि दाखवून या.

पायरी दुसरी : झोपण्यापूर्वीचा ब्रश

झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा हीच लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते, त्याची धार बोथट करते आणि दातांतून निघालेली खनिजं थोडीफार परत भरते. रात्री हा राखणदार झोपतो. जेवणाचे कण, दुधातली साखर, झोपताना तोंडात टाकलेली बडीशेपेची गोड गोळी, सगळं सहा-सात तास तिथेच राहतं, आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. म्हणून एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची निवडा. तसा सकाळचा ब्रश सुटणार नाहीच. पारोशा तोंडाने चहा घ्यायचा नाही ही शिस्त आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, तिला धक्का लावायची गरज नाही.

रात्रीचा ब्रश विसरायला होतो त्याचं कारण आळस नाही, वेळ आहे. अंथरुणावर आडवं झाल्यावर कोण उठणार? म्हणून तो झोपेला बांधू नका, जेवणाला बांधा. ओटा पुसून झाला, उरलेली भाजी फ्रीजमध्ये गेली, की लगेच ब्रश. त्यानंतर फक्त पाणी. मालिका बघताना शेंगदाणे खायची सवय असेल तर पहिले चार दिवस जड जाईल.

अंबड-सातपूरला नाईट शिफ्ट करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. सकाळी साडेसातला घरी येणार, पोहे-चहा घेणार आणि झोपणार. त्यांची 'रात्र' म्हणजे ती झोप. ब्रश पोह्यांनंतर आणि झोपेआधी. आमच्याकडे येणाऱ्या एका मशीन ऑपरेटरला हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मी तर ड्यूटीवर निघताना करत होतो, रात्रीचा म्हणून."

आता पेस्ट. ट्यूब उलटी करा आणि फ्लोराईड शब्द शोधा. त्याच्याजवळ पीपीएमचा, म्हणजे फ्लोराईडच्या प्रमाणाचा, आकडा छापलेला असतो. आपल्याकडच्या मोठ्यांच्या पेस्टमध्ये तो १०००च्या आसपास सापडला की झालं. फ्लोराईड दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, बसून त्याला आम्लापुढे तग धरायला मदत करतं. नुसत्या लवंग-कडुनिंबाच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा फ्लोराईड नसतं. चव छान, वास छान, पण हे काम होत नाही. कोळशाच्या काळ्या पेस्टचं सध्या फार खूळ आहे. ती दात घासते कमी, खरवडते जास्त. राखुंडी, मीठ, विटकरीची पूड यांचंही तेच. जाहिरातीत ब्रशवर लाटेसारखी पेस्ट पसरलेली दिसते ती पेस्ट खपावी म्हणून. मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरते.

आणि आता ज्याच्यावर सगळे माझ्याशी भांडतात ते : फेस थुंका, पण लगेच चूळ भरू नका. खळखळून चूळ भरली की फ्लोराईड बेसिनमध्ये वाहून जातं. तोंडात फेस राहिल्यासारखं वाटतं, चार-पाच दिवस कसंतरी होतं, मग सवय होते. माझ्या सासूबाईंना अजून झालेली नाही. त्या एक छोटी चूळ भरतात आणि मी बघितलं न बघितलं करते. माउथवॉश वापरायचाच असेल तर ब्रशनंतर लगेच नको, दुपारच्या जेवणानंतर वगैरे वापरा.

पायरी तिसरी : हात कसा फिरवायचा

ब्रश मऊ घ्या, पाकिटावर 'सॉफ्ट' लिहिलेला. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज भांडी घासण्यातून आला असावा. ब्रश मुठीत धरू नका, पेनासारखा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर तिरके टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या काठावर. तिथेच जागच्या जागी अगदी छोटे छोटे झटके द्या, मग दाताच्या टोकाकडे झाडून आणा. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. करवतीसारखं आडवं घासणं बंद.

कुठून सुरू करायचं ते एकदा ठरवा आणि रोज तोच क्रम ठेवा. माझा असा : वरची गालाकडची बाजू उजवीकडून डावीकडे, मग आतली, मग खालचं तसंच, शेवटी दाढांची चावायची बाजू. पुढच्या दातांच्या आत ब्रश आडवा मावत नाही, तिथे तो उभा धरायचा. सगळं मिळून दोन मिनिटं. दोन मिनिटं म्हणजे किती हे पहिल्यांदा मोबाईलवर लावून बघा. आपण रोज चाळीस सेकंदांत उरकत होतो हे कळतं. जुन्या वाड्यांत ब्रश तोंडात धरून अंगणात फेऱ्या मारणारे, शेजाऱ्याशी पेपरातल्या बातमीवर वाद घालणारे आजोबा असायचे. त्यांची वेळ दहा मिनिटं व्हायची, पण ब्रश सगळा वेळ एकाच गालात.

जोर लावून घासणाऱ्यांना मी लांबून ओळखते. त्यांच्या ब्रशचे केस महिन्याभरात झाडूसारखे फिसकारलेले असतात आणि दाताच्या मानेशी, हिरडीलगत, खाच पडलेली असते. डिसेंबरात निफाडचा पारा खाली उतरला आणि इकडे नळाचं पाणी बोचायला लागलं की हीच मंडळी गालावर हात धरून दवाखान्यात येतात. थंड पाणी त्या खाचेला लागतं आणि डोक्यापर्यंत सणक जाते. 'सेन्सिटिव्ह'वाली पेस्ट थोडा आराम देते, पण हात हलका केल्याशिवाय खाच वाढायची थांबत नाही.

ब्रश तीन-चार महिन्यांनी बदला, केस वाकले तर त्याआधी. घरातले पाच ब्रश एका मगात एकमेकांची गळाभेट घेत उभे असतात, ते जरा लांब लांब ठेवा आणि झाकण न लावता वाळू द्या. जिभेवरून पट्टी दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवली की पुरे. उलटीचा उमाळा येईपर्यंत खरवडण्यात काही पुण्य नाही.

पायरी चौथी : दोन दातांमधली फट

ब्रश कितीही चांगला फिरवला तरी दोन दात एकमेकांना जिथे टेकतात तिथे त्याचे केस पोचत नाहीत. कीड तिथेच लपून लागते आणि बाहेरून दिसेपर्यंत आत पोखरून झालेलं असतं.

बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दाढेतलं शेंगदाण्याचं साल उकरायचं, ही आपल्याकडच्या बायकांची खास कला. माझी आई त्यात निष्णात होती. पिनेने हिरडीला भोक पडतं, आगपेटीच्या काडीने हिरडी फाटते आणि फट रुंद होत जाते, मग तिथे आणखी अडकतं. नाशिकचा चिवडा खाऊन कोणाच्या दाढेत काही अडकलं नाही असं होत नाही, तेव्हा योग्य साधन घरात असू द्या.

फ्लॉस म्हणजे मेण लावलेला बारीक दोरा, मेडिकलमध्ये मिळतो. साधारण दीड वीत तोडा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन बोटांएवढा ताणलेला राहू द्या. दोन दातांमध्ये पुढे-मागे सरकवत हळूच उतरवा, खटकन खाली आपटू नका, हिरडी कापते. आत गेल्यावर एका दाताला कवेत घ्या, वर-खाली चार वेळा. मग त्याच फटीतल्या शेजारच्या दाताला तसंच. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागतील आणि बोटं निळी पडतील. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त पुढचे सहा दात करा. ज्यांच्या फटी आधीच मोठ्या आहेत त्यांना दोऱ्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे इवलेसे ब्रश मिळतात ते सोपे जातात. दिवसातून एकदा, रात्रीच्या ब्रशच्या आधी.

पायरी पाचवी : किती खाल्लं ते नको, किती वेळा ते मोजा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घासण्याइतकंच महत्त्व याला आहे आणि सांगतं मात्र कोणी नाही.

साखर किंवा मैद्या-साबुदाण्यासारखं पिठूळ काही तोंडात गेलं की प्लाकमधले जिवाणू काही मिनिटांत त्याचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली घसरला की दातातलं कॅल्शियम सुटायला लागतं. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. आता चहाचा हिशेब करा. सकाळी उठल्यावर एक, कंपनीत साडेनऊला कटिंग, अकराला साहेबांबरोबर, तीनला, साडेपाचला, घरी आल्यावर बायकोबरोबर. प्रत्येकाबरोबर बिस्किट. सहा वेळा घसरण, सहा वेळा सावरणं. दिवसाचे तीन-चार तास दात आम्लात भिजत असतात, आणि माणूस म्हणतो, मी गोड खातच नाही.

उलट रविवारी सकाळी काळ्या रस्स्याची मिसळ, तिच्यावर जिलबी, असं एका बैठकीत दाबून खाणाऱ्याच्या दाताला फार मोठा धक्का बसत नाही. पोटाचं काय होतं तो विषय वेगळा. जेवणाबरोबर लाळ भरपूर सुटते, त्यात गोडही धुऊन निघतं. म्हणून लाडू खायचा तर जेवणाबरोबर खा, चार वाजता एकटा नको. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून दाताला फरक पडत नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण पोटासाठी असेल, पण उपवासाच्या दिवशी साबुदाण्याचा वडा, मग बटाट्याचा चिवडा, मग केळं, मग खजूर असं तासातासाला तोंड चालू असतं तेव्हा सगळ्यात जास्त हाल दाताचे होतात.

आंबटाचं गणित थोडं वेगळं. त्यात जिवाणूंची मध्यस्थी लागत नाही, आम्ल थेट दातावर. जानेवारीपासून द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी-निफाडकडून पाहुणे पेट्या घेऊन येतात आणि घरात येता-जाता घड तोडले जातात. संध्याकाळी दात आंबतात, गार पाणीही लागतं. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक आम्ल असतं. नुसत्या चार द्राक्षांनी काही होत नाही, दिवसभर चरत राहिल्याने होतं. एकदा बसून वाटीभर खा, वर साधं पाणी प्या. वाईनचंही असंच. गंगापूरकडच्या वायनरीत शनिवारी दुपारभर घोट घोट घेत बसणाऱ्यांनी मध्ये मध्ये पाणी आणि चीजचा तुकडा घ्यावा. रसवंतीवरच्या उसाच्या रसात तर साखर आणि लिंबू दोन्ही.

आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लाने दाताचा वरचा पापुद्रा थोडा वेळ मऊ झालेला असतो, त्यावर ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा. साधी चूळ भरा, अर्धा तास थांबा. पित्ताने उलटी झाल्यावरही हेच.

एक दिवस एवढंच करा : खिशात कागद ठेवा आणि पाण्याशिवाय काहीही तोंडात गेलं की एक रेघ ओढा. बहुतेकांच्या दहाच्या वर जातात. त्या पाच-सहावर आणायच्या. चहा बंद करा असं मी कोणालाच सांगणार नाही, मलाच जमणार नाही. दोन कप बिनसाखरेचे करा आणि बिस्किट फक्त एकाच चहाबरोबर.

पायरी सहावी : मशेरी, तंबाखू, सुपारी

आई रोज पहाटे तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. त्या वासाने मला जाग यायची. "दात साफ होतात, पोट साफ होतं," म्हणायची. दात काळे, हिरड्या खाली उतरलेल्या, आणि पन्नाशीत पुढचे चार दात हातात आले. मशेरी ही मंजनाच्या वेषातली तंबाखू आहे. ती 'लावल्याशिवाय' चैन पडत नाही ते निकोटिनमुळे, स्वच्छतेमुळे नव्हे. तिला मंजन मानून मुलींच्या हातात देणारी घरं आजही आहेत.

सुपारीबद्दलही लोक बेफिकीर असतात, "तंबाखू नाही हो, साधी सुपारी." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. सुपारीने गालाच्या आतलं कातडं हळूहळू कडक होतं, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडायचं कमी होत जातं. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते हे टपरीवर उभं राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

घरी करायची परीक्षा : तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी जोडा आणि पुढच्या दातांमध्ये घालून बघा. स्वतःची तीन बोटं बसली पाहिजेत. दोनच बसत असतील तर उद्याच दाखवा. मग टॉर्च घेऊन गालाच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर तो दुखत नसला तरी दाखवायचा. दुखत नाही म्हणूनच लोक उशीर करतात. तंबाखू-मशेरी सोडायची असेल तर सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे, १८००-११-२३५६. आईने पंचावन्नाव्या वर्षी सोडली. तीन आठवडे घरात सगळ्यांवर चिडचिड केली, मग सुटली.

मुलांचं

दवाखान्यात काम करूनही मी इथे चुकले. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ आली. त्याआधी कुठलाच दात पडला नव्हता, म्हणून मला वाटलं हीसुद्धा दुधाचीच, पडेल. ती पडणारी नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला येणारी ती दाढ कायमची असते आणि आयुष्यभर तीच चावायची. आठव्या वर्षी तिचं रूट कॅनाल करावं लागलं, आणि त्या दिवशी लाळेची नळी मीच धरली होती. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात मागे, चारही कोपऱ्यांत, बघत राहा. नवी दाढ दिसली की डॉक्टरांना विचारा, तिच्या खोल खाचा सीलंटने बुजवून घेता येतात.

पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईबापाने फिरवायचा, मूल 'मी मी' म्हणालं तर त्याला आधी करू द्या, मग तुम्ही. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका आणि रडू नये म्हणून चोखणीला मध लावू नका. पुढचे वरचे चार दात तपकिरी होऊन झडलेली दोन वर्षांची मुलं आम्ही दर महिन्याला बघतो. दुधाचे दात पडणारच आहेत हे खरं, पण ते मागून येणाऱ्याची जागा धरून ठेवतात. आधीच गेले तर मागचे वेडेवाकडे येतात.

मैदानावर पडून कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुवा आणि जागेवर बसवता आला तर बसवून मुलाला हलकेच चावून धरायला सांगा. नाही जमलं तर कपभर दुधात टाका आणि तासाभरात, जमलं तर अर्ध्या तासात, दवाखाना गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही.

घरातल्या बाकीच्यांचं थोडक्यात

मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. बाळंतपणाआधी हिरड्या सुजतात, रक्त येतं. ते नेहमीचं आहे, पण घासणं थांबवायचं नाही, आणि गरोदरपणात दातांचे उपचार करता येत नाहीत हा समज चुकीचा आहे, फक्त दिवस गेलेत हे आधी सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, अशांनी घोट घोट पाणी प्यावं, खडीसाखर चघळू नये. आजोबांची कवळी रात्री काढून, साबण आणि मऊ ब्रशने धुऊन, पाण्यात ठेवायची. टूथपेस्टने ती खरचटते.

दुखलं तर आणि जायचं तर

दाढ ठणकायला लागली की लोक तिच्याखाली गोळी दाबून ठेवतात. त्याने गाल भाजतो, दाढ तशीच राहते. गोळी गिळायची असते. लवंगेचं तेल कापसाला थेंबभर ठीक, ओतायचं नाही. गाल सुजला तर वरून गरम शेक देऊ नका. उरलेली अँटिबायोटिक शोधत बसू नका. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर सकाळची वाट न बघता मोठ्या इस्पितळात जा.

दुखत नसताना सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा दाखवावं. किटण काढल्यावर दात हलतात असं पेशंट हमखास म्हणतात. किटणाने हिरडी आणि हाड आधीच खाल्लेलं असतं, ते किटणच दाताला प्लास्टरसारखं धरून असतं. काढल्यावर फक्त खरी स्थिती कळते. खर्चाची चिंता असेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा पंचवटीत भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत चौकशी करा. दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खाजगीपेक्षा पैसे कमी लागतात. सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा.

जाताना चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, 'ती पांढरी छोटी गोळी' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, मनाने बंद करू नका. आणि नाश्ता करून जा. रिकाम्या पोटी इंजेक्शन घेऊन चक्कर आलेली माणसं मी खूप सावरली आहेत. परत आल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत गरम चहा नको, जेवण नको. गाल नेमका कुठे आहे ते तेव्हा कळत नाही, आणि माणूस चकलीबरोबर स्वतःचा ओठही चावून बसतो.